७४ मिनिटांचं लग्न

इतिहासाची साधनं म्हटलं की ताम्रपट, शिलालेख, बखरी, मोडीतली दप्तरं डोळ्यांसमोर येतात. आमच्यासारख्या साध्या घरांचा इतिहास त्यात कुठेच नाही. आमच्या घरांचं साधन म्हणजे कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेली एक चकती. पारदर्शक पाकिटात, वर काळ्या मार्करने लिहिलेलं : 'शुभविवाह, भाग १'. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, कुठेही जा. २००० ते २०१० च्या दरम्यान त्या घरात लग्न झालं असेल तर अशी एखादी चकती निघण्याची शक्यता दाट.

राजेरजवाड्यांचा इतिहास लिहायला माणसं आहेत. या चकत्यांचा कोण लिहिणार? म्हणून म्हटलं, आपणच जमेल तसा लिहून ठेवावा. शिवाय या चकत्यांच्या बाबतीत मला एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय, तीही सांगायची आहे. पण ती ओघात येईल.

घरी बसून सिनेमा कापायची-जोडायची आपली परंपरा तशी जुनी. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तेव्हा त्यांची प्रयोगशाळा म्हणजे दादरचं राहतं घरच होतं. सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडत, धुण्याची रसायनं कालवत आणि चित्रपटासाठी जमलेल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही बघत. फिल्मचे तुकडे जोडण्यातही त्यांचा हात होता, म्हणून त्यांना भारतातल्या पहिल्या संकलक म्हटलं जातं. म्हणजे आज आपण ज्याला ऐटीत 'होम एडिटिंग' म्हणतो ते एका मराठी बाईने शंभर वर्षांपूर्वी संसार सांभाळून केलं होतं. :)

पण ते एक घर. बाकीच्यांच्या घरात कॅमेरा यायला फार वर्षं लागली. कोडॅकने ८ मिलिमीटरची घरगुती फिल्म १९३२ मध्ये काढली, तरी आपल्याकडे ती संस्थानिक आणि फार मोठ्या घरांपुरती राहिली. तीन-चार मिनिटांत रीळ संपायचं आणि धुवायला बाहेर पाठवावं लागायचं. सामान्य माणसाची पाळी आली ती १९८२ नंतर. त्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले, दूरदर्शन रंगीत झालं आणि त्याच सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर देशात येऊ लागले. जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये जपानात बाजारात आणलेली व्हीएचएस कॅसेट हळूहळू आपल्या गल्लीपर्यंत पोचली. आधी भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन सिनेमे बघणं आलं, आणि मग लग्नाचं 'शूटिंग' आलं.

पहिल्या काळातलं शूटिंग आठवतं का? पॅनासॉनिकच्या एम-९००० सारखा भलामोठा कॅमेरा खांद्यावर घेतलेला एक माणूस, आणि त्याच्यामागे हॅलोजनचा लाइट धरून, वायर सांभाळत फिरणारा दुसरा पोरगा. तो लाइट तोंडावर पडला की पंगतीत बसलेली माणसं घास हातातच धरून थांबायची. कुणी हसायचं, कुणी पदर सावरायचं, एखादा म्हातारा सरळ लाइटकडे बघून डोळे मिचकवायचा. आंदणाची भांडी एका ओळीत मांडलेली, त्यावरून कॅमेरा इतका सावकाश जायचा की गंज, परात, ताट सगळं मोजून घ्यावं. तीन तासांची कॅसेट होती, ती भरायची होती. त्यामुळे शूटिंगवाल्याला जे दिसलं ते त्यात गेलं.

आपण तेव्हा कंटाळायचो. 'पुढे घे, पुढे घे' म्हणायचो. आज मला वाटतं, त्या कंटाळवाण्या कॅसेटी हेच आपल्याकडचं सगळ्यात प्रामाणिक दफ्तर होतं. कारण त्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं हे फारसं कुणी ठरवलेलंच नव्हतं.

ठरवायचं असेल तर 'मिक्सिंग' करावं लागे. आपल्याकडे एडिटिंग हा शब्द खूप उशिरा आला. शूटिंगवाले मिक्सिंगच म्हणायचे. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडायचे. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवा तो भाग आला की दुसऱ्याचं रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं, नको तो आला की थांबवायचं. मधली एखादी गोष्ट राहिली तर तिथून पुढचं सगळं पुन्हा करा. आणि प्रत्येक प्रतीत चित्र थोडं थोडं विरत जायचं, रंग पसरायचे, कडा थरथरायच्या.

एवढ्या तुटपुंज्या साधनांवर माणसं काय करू शकतात याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, पण आमच्यापासून पार दुसऱ्या टोकाला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात शेख नासिर नावाचा माणूस व्हिडिओ पार्लर चालवायचा. त्याने २००० साली गावातल्याच मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागावर काम करणारी माणसं हीच नटमंडळी. लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसा व्हिडिओ कॅमेरा, ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी, आणि कापाकापीला व्हीसीआर. खर्च सुमारे ५० हजार रुपये. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि जगभर त्यांचं नाव झालं. पुढे २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही आपल्याकडे लागला. लग्नाचा कॅमेरा आणि दोन व्हीसीआर यांतून एक अख्खी चित्रपटसृष्टी उभी राहिली. आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात, म्हणून असेल कदाचित, सिनेमाचं वेड तेवढं चढलं नाही. आमच्याकडचा कॅमेरा लग्नातच राहिला. असो.

आता मूळ विषयाकडे. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याच वर्षी अ‍ॅपलने आयमूव्ही काढलं, पण अ‍ॅपलचा संगणक आमच्याकडे पाहिला होता कुणी? पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००० मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज एमई या आवृत्तीत 'मूव्ही मेकर' नावाचा एक छोटासा प्रोग्राम फुकट दिला. विंडोज एक्सपीत तो राहिला आणि २००२ च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत बराच सुधारला. आपला जिल्हा आणि मूव्ही मेकर म्हणजे जवळपास एका वयाची भावंडं!

हा प्रोग्राम म्हणजे पोरखेळ म्हणून व्यावसायिक लोक हसायचे. त्यांच्याकडे प्रीमियर होतं, पुढे एडियस आलं. पण मूव्ही मेकरने एक मोठी गोष्ट केली. मिक्सिंग दुकानातून घरात आणलं. खाली एक पट्टी, तिच्यावर तुकडे ओढून ठेवायचे, टोक धरून लहान-मोठे करायचे, आवडलं नाही तर पूर्ववत करायचं. चित्र विरत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. दोन तुकड्यांमध्ये पान उलटल्यासारखं किंवा बदामाच्या आकारात उघडणारं दृश्य टाकता यायचं, आणि बदाम नाही असं लग्न त्या काळात मला तरी आठवत नाही! 'जुनी फिल्म' नावाचा इफेक्टही होता. तोही तीन प्रकारचा : जुनी, आणखी जुनी आणि सगळ्यात जुनी. टाकला की चांगल्या चित्रावर ओरखडे आणि धूळ दिसायची. काल झालेलं लग्न आजोबांच्या काळातलं वाटायचं. आपण खुश.

पण या साध्या कामामागे एक हिशोब होता आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मिनी डीव्ही कॅसेटवरचं एक तासाचं शूटिंग फायरवायरच्या वायरने संगणकात घेतलं की साधारण १३ जीबी जागा खायचं. एका लग्नाच्या तीन कॅसेटी म्हणजे ३९ जीबी. तेव्हा घरच्या संगणकात हार्ड डिस्क असायची ४० जीबीची, फार तर ८०. म्हणजे एक लग्न आत घेतलं की संगणकात दुसरं काही मावत नसे. चकती तयार झाली की पहिलं काम काय? मूळ शूटिंग उडवणं. आणि मिनी डीव्हीची कोरी कॅसेट महाग, म्हणून त्याच कॅसेटवर पुढच्या मुहूर्ताचं लग्न. मूव्ही मेकरची प्रोजेक्ट फाइल ज्यांनी जपून ठेवली त्यांच्या हाती काही नाही, कारण त्या फाइलमध्ये चित्र नसतंच. कुठला तुकडा कुठून घ्यायचा याची फक्त यादी असते.

दुसरा हिशोब चकतीचा. घरोघरी व्हीसीडी प्लेअर आला होता, म्हणून लोकांना व्हीसीडी हवी असायची. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ मध्ये तिचे नियम ठरवले. अमेरिकेत ती फारशी चाललीच नाही. आपल्याकडे आणि चीन, मलेशिया अशा आशियातल्या देशांत मात्र तिने राज्य केलं. गाण्यांची सीडी जितका वेळ वाजते तितकाच वेळ व्हीसीडी चालते : ७४ मिनिटं, आणि ७०० एमबीची चकती असेल तर ८०. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आजच्या मोबाइलवर बघितलं तर टपाल तिकिटाएवढं दिसतं.

आणखी एक गंमत. मूव्ही मेकरमधून 'सीडीवर साठवा' म्हटलं की तो हायमॅट नावाच्या भलत्याच पद्धतीने साठवायचा. आपले व्हीसीडी प्लेअर ती चकती घेऊन नुसते फिरत बसायचे. म्हणून मग फाइल वेगळी काढायची आणि 'नीरो' मध्ये न्यायची. सीडी रायटर घेतला की बऱ्याचदा नीरो त्याच्यासोबतच मिळायचं. पूर्ण नाव 'नीरो बर्निंग रॉम', रोम जाळणाऱ्या नीरोवरचा जर्मन विनोद, आणि चिन्हात पेटलेलं कलोसियम. (कलोसियम नीरो मेल्यावर बांधलं गेलं, पण सॉफ्टवेअरवाल्यांना इतिहास कोण शिकवणार!) सीडी 'जाळणे' हा शब्द आपल्याकडे रुजला नाही. लग्नाची सीडी जाळली असं कोण म्हणेल? आपण 'राइट केली' म्हणायचो.

आणि ती राइट करणं म्हणजे भारनियमनाशी शर्यत. २००५ च्या आसपास विदर्भात वीज किती जायची ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. रात्री फाइल तयार व्हायला लावायची, ती चार-पाच तास चालायची, आणि ९० टक्क्यांवर लाइट गेली की सगळं पाण्यात. चकती लिहिताना गेली तर ती चकतीच वाया. मग पोरं ती दोऱ्याला बांधून धानाच्या बांधीत पाखरं हाकलायला लटकवायची. चमकायची छान.

तर अशी ही ७४ मिनिटं. आता बघा काय होतं. तीन तासांचं शूटिंग, ७४ मिनिटांत बसवायचं. दोन चकत्या काढल्या तरी १४८. कुणीतरी कापायलाच हवं. काय कापलं जायचं? हळद थोडक्यात. पंगत जवळजवळ सगळी. मांडव घालणारी माणसं, चुलीपाशी बसलेल्या बाया, अंगणात झोपलेली पोरं, बैलगाडीने आलेले लांबचे पाहुणे, नॅरोगेजच्या गाडीने बालाघाटकडून आलेलं वऱ्हाड, सगळं बाहेर. मंगलाष्टकं, वरमाला, स्टेजवरचे फोटो आणि बिदाई राहिली. कॅसेटीच्या काळात जो म्हातारा लाइटकडे बघून डोळे मिचकवायचा तो व्हीसीडीत नाही. त्याला कुणी मुद्दाम काढला नाही. तो बसला नाही, इतकंच.

पण मला खरं खटकतं ते हे नाही. चित्र कापलं गेलं, तरी जे उरलं ते तरी खरं होतं. आवाजाचं तसं नाही. आवाज आपण पूर्णच काढून टाकला.

मिक्सिंगचा पहिला नियम होता : मूळ आवाज बंद, वर सिनेमाचं गाणं. हळदीला एक ठरलेलं गाणं, वरातीला एक, बिदाईला एक रडवणारं. मूव्ही मेकरमध्ये तर हे फारच सोपं. आवाजाच्या तुकड्यावर उजवं बटण, 'म्यूट', संपलं. का करायचे? कारणं खरी होती. जनरेटरची घरघर, बँडचा फाटका आवाज, सगळे एकदम बोलतायत. गाणं टाकलं की 'प्रोफेशनल' वाटायचं. घरचे स्वतःच गाण्यांची यादी लिहून द्यायचे.

आमच्या नात्यातल्या एका लग्नाची अशी चकती आहे. तीत हळद दळताना मोठी आई जात्यापाशी बसलीय, शेजारी आणखी चार-पाच जणी. सगळ्यांचे ओठ हलतायत. माना एका लयीत डोलतायत. सरळ दिसतंय की त्या गातायत. आणि ऐकू काय येतं, तर मुंबईच्या स्टुडिओत गायलेलं हिंदी सिनेमाचं गाणं. मोठी आई आता नाही. त्या चार-पाच जणींपैकी एकच उरलीय, आणि तिला विचारलं तर म्हणते, 'कोणतं गाणं होतं बाप्पा, लग्नात तर रातभर गावत होतो.'

आमच्या भागात हे साधं नुकसान नाही. गोंदिया, भंडारा, बालाघाट, शिवनी या पट्ट्यात पोवारी बोलली जाते. जनगणनेत ती हिंदीच्या खात्यात मोजली जाते. त्याशिवाय झाडीबोली आहे, दक्षिणेला आणि पूर्वेला गोंडी आहे. या बोलींत छापलेलं फार थोडं. त्यांचं मोठं भांडार बायकांच्या तोंडी होतं, आणि ते उघडायचं लग्नातच. मांडव घालताना वेगळं गाणं, तेल-हळदीला वेगळं, व्याह्यांची थट्टा करायला वेगळं. ही गाणी एरवी कुणी म्हणायचं नाही. म्हणजे एका बाजूने बघा : इतिहासात पहिल्यांदा नेमक्या त्या क्षणी, नेमक्या त्या बाईसमोर, आवाज टिपणारं यंत्र हजर होतं. गावोगावी, घरोघरी. कुठल्याही लोकसाहित्याच्या अभ्यासकाला हे जमलं नसतं. यंत्राने आवाज टिपलासुद्धा! आणि आपण तो एका क्लिकवर पुसला, कारण त्या काळात तो आवाज आपल्याला गावंढळ वाटत होता.

आता राहिली ती चकती तरी टिकणार आहे का? 'सीडी कधी खराब होत नाही' असं तेव्हा छातीठोक सांगायचे. विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या सीडीवर खड्डे ठशाने उमटवलेले असतात. आपण घरी लिहितो त्या चकतीत मात्र रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेझर त्यावर खुणा करतो. तो थर उन्हाने, उकाड्याने, दमटपणाने उडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, नंतर चार महिने पाऊस. त्यात व्हीसीडीची आणखी एक खोड. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट माहिती आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करायची सोय असते. व्हीसीडीने चित्र जास्त मावावं म्हणून ही जादा सोय काढली आणि कप्प्यात २३२४ बाइट भरले. म्हणजे ७४ मिनिटं मिळाली ती पुढच्या टिकाऊपणातून उधार घेऊन. मूव्ही मेकरमधल्या 'जुन्या फिल्म' च्या इफेक्टमध्ये ओरखडे तरी दिसायचे. खरोखर जुनी झालेली चकती अडकते, चौकोन चौकोन दाखवते आणि एक दिवस प्लेअर म्हणतो, 'नो डिस्क'.

आणि भोवतालचं सगळंच गेलं. भारतात कोऱ्या चकत्या बनवणारी सर्वांत मोठी कंपनी मोझर बेअर, ती २०१८ मध्ये अवसायनात निघाली. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. शेवटपर्यंत ते बनवणारी तीच उरली होती. मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. नव्या लॅपटॉपला तर सीडीची खाच पण नसते. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका उपक्रमाने जगभर इशारा दिला की चुंबकीय फितींवरचं जे २०२५ पर्यंत उतरवलं जाणार नाही त्यातलं बरंचसं कायमचं जाईल, कारण त्या वाचणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपतायत. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून सरकारी संग्रहालय आहे, आणि तरीही फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाचे आज काही तुकडेच उरलेत. आपल्या मामाजींच्या लग्नासाठी कुठलं संग्रहालय असणार? आपलं कपाट हेच संग्रहालय.

म्हणून नातेवाईकांना आणि वाचणाऱ्या मित्रांना थोडं कामाचं सांगतो. व्हीसीडी संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो, त्यातली डॅट फाइल नुसती कॉपी करून घ्या. व्हीएलसीमध्ये ती सरळ चालते. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ टीएस' हा पूर्ण फोल्डर घ्या. चांगलं दिसावं म्हणून लगेच काही बदलू नका, आधी जशीच्या तशी प्रत दोन ठिकाणी ठेवा. एका प्लेअरवर चकती लागली नाही तर फेकू नका, दुसऱ्या ड्राइव्हवर लागू शकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : चकतीपेक्षा जुन्या कॅसेटी शोधा. मिक्सिंग न झालेली, लेबल नसलेली, 'यात काही नाही' म्हणून माळ्यावर टाकलेली कॅसेट. ज्या शूटिंगवाल्या भाऊंनी लग्न काढलं त्यांच्याकडे विचारा. दुकान बंद करून मोबाइलचं टाकलं असेल, तरी मागच्या खोलीत एखादं खोकं निघतं. त्या कॅसेटवर कदाचित जनरेटरची घरघर असेल, बँड असेल, कुणीतरी 'पोट्टे हो, बाजूला व्हा' म्हणून ओरडत असेल. आणि त्या सगळ्याच्या मागून जात्यावरचं गाणं.

नसेलच सापडत, तर ज्या म्हणणाऱ्या उरल्यात त्यांच्याजवळ बसा. मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात आहे. आमच्या त्या उरलेल्या आजींना मागच्या महिन्यात बसवलं होतं. आधी लाजल्या, मग दोन ओळी आठवल्या, मग चार. पुढचं आठवेना, तर म्हणाल्या, 'हात चालले पाह्यजे, मंग येते.' त्यांच्यासाठी जातं शोधतोय. कुणाकडे असेल तर सांगा.